बसणं, उभं राहणं, वाकणं, उचलणं

माझा डावा पाय पोलिओचा आहे. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फिक्श्चर डिझाइनचं काम करतो (फिक्श्चर म्हणजे मशीनवर घडवायचा भाग घट्ट धरून ठेवणारी रचना). ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की बहुतेक जण विचारतात, "म्हणजे कॉम्प्युटरवर ना?" कॉम्प्युटरवर करतो आणि शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मशीनच्या विभागात, मशीनपाशी उभा राहूनही करतो. ज्यांच्या घरात पायानं अधू मूल आहे आणि दहावीनंतर काय, याची चर्चा सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. मला त्या वयात हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

माझा जन्म निफाड तालुक्यातला, १९८६चा. पल्स पोलिओची मोहीम आपल्याकडे १९९५ला सुरू झाली. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४मध्ये भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यामुळे पोलिओचे इंजिनिअर पुढे फारसे असणार नाहीत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अपघातानं पाय गेलेले, सेरेब्रल पाल्सी असलेले, स्नायूंचे आजार असलेले असतील, आणि त्यांच्या वाटेतले प्रश्न माझ्यापेक्षा फार वेगळे नसतील.

आधी पायाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझ्या मांडीच्या पुढच्या स्नायूत गुडघा सरळ धरून ठेवण्याइतकी ताकद नाही. अशी मुलं चालताना मांडीवर हात दाबून चालतात, कारण हातानं गुडघा मागे रेटला नाही तर तो दुमडतो आणि माणूस पडतो. मीही तसाच चालायचो. म्हणजे पाय एक अधू, पण कामातून हातही गेलेला. दप्तर, पाण्याची कळशी, छत्री, जे काय घ्यायचं ते एकाच हातात. मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे मला कॅलिपर मिळालं. अण्णा मला नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसनं घेऊन जायचे. कॅलिपर म्हणजे पायाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट आणि गुडघ्यापाशी एक रिंग. उभं राहिलं की रिंग खाली सरकते आणि गुडघा लॉक होतो. बसायचं असेल तर ती वर ओढायची. पाय त्यामुळे काठीसारखा सरळ राहतो, जिने चढताना त्रास होतो, उन्हाळ्यात पट्ट्यांखाली कातडी सोलते. पण हात मोकळा झाला. माझं इंजिनिअरिंग त्या मोकळ्या झालेल्या हातापासून सुरू झालं असं मी मानतो.

आमच्याकडे द्राक्षं. फवारणीचा एचटीपी पंप हंगामात हमखास बिघडायचा. मला बागेत ओळीओळीनं फिरायला जमायचं नाही, म्हणून पंप माझ्या वाट्याला आला. बांधावर बसून तो उघडायचा, व्हॉल्व्ह साफ करायचे, वॉशर बदलायचा, परत दाब येतो का बघायचं. दहावीपर्यंत शेजारपाजारचे लोकही त्यांचे पंप माझ्याकडे आणून ठेवायला लागले होते. त्यामुळे मेकॅनिकल घ्यायचं हे माझ्या मनात पक्कं होतं. घरात तसं नव्हतं.

काका म्हणाले, "अरे, बैठं काम बघ. डी.एड. कर, मास्तर हो."

आई म्हणाली, "मास्तर दिवसभर उभाच असतो की, भाऊजी."

आईचं ते बोलणं मी विसरलेलो नाही. लोकांच्या डोक्यात कामाचं एक चित्र असतं आणि ते प्रत्यक्ष कामाशी ताडून पाहिलेलं नसतं. शिक्षकाची नोकरी बैठी आणि इंजिनिअरची धावपळीची, असं सगळे धरून चालतात. कुठल्या कामात दिवसातला किती वेळ बसायचं, किती वेळ उभं राहायचं, काय उचलायचं, हे मोजतं कोण? मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, की ते मोजावं.

प्रवेशासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर टक्केवारी असते. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर आरक्षण मिळतं. तेव्हा १९९५चा कायदा होता आणि शिक्षणात तीन टक्के जागा होत्या. २०१६चा कायदा एप्रिल २०१७पासून लागू झाला, त्यात सरकारी आणि अनुदानित संस्थांमधल्या उच्च शिक्षणाच्या जागा किमान पाच टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगांचं ओळखपत्र) आता सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. टक्केवारी कशी काढतात याबद्दल पालकांचे फार गैरसमज असतात, म्हणून थोडं सांगतो. सांध्याची हालचाल किती कमी आहे आणि स्नायूंची ताकद किती कमी आहे, हे वेगवेगळं मोजतात, पण त्यांची साधी बेरीज करत नाहीत. मोठा आकडा अ आणि लहान आकडा ब धरला, तर सूत्र असं आहे: अ अधिक ब गुणिले (९० वजा अ) भागिले ९०. म्हणून ५० आणि २० मिळून ७० न होता ५९च्या आसपास येतात. आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसला की लोक डॉक्टरांशी भांडायला उठतात. आधी हे गणित घरी करून बघावं. आणि हेही लक्षात ठेवावं की तो आकडा शरीराचा आहे. माझ्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांवरून मला कानस चालवता येते की नाही, हे कुणालाही कळणार नाही.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप. मेकॅनिकलला जाणाऱ्या अपंग मुलाला सगळे घाबरवतात ते या विषयानं, आणि मला इंजिनिअर केलं तेही याच विषयानं. फिटिंगमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीनं घासायचा, सगळ्या कडा काटकोनात आणायच्या. कानस नुसत्या हातानं चालवली तर दंड भरून येतात आणि कडा गोल होते. डावा पाय पुढे टाकून, गुडघा किंचित वाकवून, अंगाचं वजन मागच्या पायावरून पुढच्यावर न्यायचं आणि त्या झोकानं कानस रेटायची, अशी ती पद्धत आहे. माझा पुढे टाकायचा पाय नेमका कॅलिपरमधला. तो वाकतच नाही.

आमचे फिटिंगचे सर आयटीआय करून, कारखान्यात बरीच वर्षं काढून शिकवायला आलेले. बरीच मुलं त्यांना घाबरायची. त्यांनी माझं पहिलं घासणं थोडा वेळ नुसतं पाहिलं. मग व्हाइस तळाशी सैल करून थोडी फिरवली आणि म्हणाले, "उजवी कंबर बाकाला टेकव. कॅलिपरचा पाय मागं ठेव, तो तुझा खुंट आहे. आता खांद्यातून रेट. झोका लहान ठेव, घाई करू नको." मला वेळ इतरांपेक्षा जास्त लागला. पण गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून कवडसा पाहिला तेव्हा कडेखालून उजेड येत नव्हता. सरांनी माझ्या वहीवर सही केली आणि पुढच्या मुलाकडे गेले. कौतुक केलं नाही, सवलतही दिली नाही. मला काय करता येत नाही यापेक्षा अंगाचा आधार कुठून घेता येईल, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यांच्याइतकं नीट मला नंतर कुणीच शिकवलं नाही.

भट्टीकामात मला वाटलं होतं आता अडणार. घण उचलून मारताना दोन्ही पायांवर भार येतो, आणि माझा तोल जायची खात्री होती. पण लोहाराच्या भट्टीवर मुळातच दोन माणसं लागतात. एक जण सांडशीनं तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो, फिरवतो आणि हातोडीनं घाव कुठे घालायचा ते दाखवतो. दुसरा घण घालतो. मी सांडशी धरली, माझ्या जोडीदारानं घण घेतला. आमच्यासाठी खास अशी काही सोय केलेली नव्हती, कामाची पिढ्यानपिढ्या चालत आलेली विभागणीच तशी आहे.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी जिग आणि फिक्श्चर हा भाग आला. मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, दर वेळी नेमक्या त्याच जागी घट्ट बसावा म्हणून त्याच्याभोवती जी रचना करतात ती फिक्श्चर. वस्तूला हलायला सहा वाटा असतात, तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. तळाला तीन टेकू, बाजूला दोन आणि टोकाला एक दिला की जागा पक्की होते. मग क्लॅम्प लावायचा. सर हे फळ्यावर काढत होते आणि मी माझ्या पायाकडे बघत होतो. कॅलिपर गुडघ्याला पुढून मागे दाबतं, आणि मांडीला व पोटरीला मागून पुढे. तीन ठिकाणचा दाब, त्यानं गुडघा दुमडत नाही. जी गोष्ट मी रोज अंगावर घालत होतो तिचं शास्त्र मला त्या तासाला कळलं आणि पुढे काय करायचं तेही ठरलं.

डिग्रीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, नाशिकमध्येच कॉलेज, तेव्हाच्या पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम. २००८ला बाहेर पडलो आणि तेवढ्यात मंदी आली. सातपूर-अंबडच्या वाहन उद्योगावर चालणाऱ्या कारखान्यांनी भरती थांबवली. धडधाकट मुलंही घरी बसली होती.

मुलाखती मिळायच्या, पण त्यात एकच प्रश्न असायचा: "जमेल का?" ड्रॉइंग वाचता येतं का, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, कळतो का, हे कुणी विचारायचंच नाही. मी "हो, जमेल" म्हणायचो आणि ते "कळवतो" म्हणायचे. यात त्यांची दुष्टबुद्धी होती असं मला आजही वाटत नाही. "जमेल" या उत्तरात त्यांच्या हाती काहीच लागत नव्हतं.

वाट सापडली ती सरकारी भरतीच्या जाहिरातींत. अपंगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांच्या यादीत प्रत्येक पदापुढे कामाच्या शारीरिक गरजा अक्षरांत लिहिलेल्या असतात. एस म्हणजे बसणं, एसटी उभं राहणं, डब्ल्यू चालणं, बीएन वाकणं, एल उचलणं, केसी गुडघे टेकणं किंवा उकिडवं बसणं, एमएफ बोटांनी हाताळणं. ती परीक्षा मी दिली नाही, पण ती अक्षरं उचलली. एका कागदावर डिझाइन इंजिनिअरचा दिवस उभा मांडला. मॉडेल आणि ड्रॉइंग करणं: बसणं, बोटं. टूल रूमशी (फिक्श्चर आणि हत्यारं बनवणारा विभाग) चर्चा: चालणं, उभं राहणं. मशीनवर ट्रायल: उभं राहणं, वाकून क्लॅम्प बघणं. बेसप्लेट हलवणं: चाळीस किलोची प्लेट कुणीच हातानं उचलू नये, त्याला चेन पुली ब्लॉक (साखळीची कप्पी) असतो. प्रत्येक कामापुढे मी ते कसं करतो ते लिहिलं, आणि जे करू शकत नाही तेही लिहिलं. उकिडवं बसता येत नाही. शिडी चढता येते, पण दोन्ही हात लागतात, म्हणून वर काम करता येत नाही. चालता येतं, पण धावता येत नाही.

सातपूरच्या एका मध्यम कारखान्यात टूल रूमच्या प्रमुखांनी तो कागद दोनदा वाचला. मग कागद बाजूला ठेवून एक फिक्श्चरचं ड्रॉइंग पुढे सरकवलं आणि विचारलं, "यात चूक काय आहे?" जॉब काढताना ऑपरेटरच्या बोटांना जागा नव्हती. मी ते दाखवलं. ती माझी पहिली खरी मुलाखत.

नोकरी लागल्यावर पहिला अडथळा वैद्यकीय तपासणीचा. तिथल्या डॉक्टरांनी "फक्त टेबलवरच्या कामास योग्य" असा शेरा लिहिला. तो तसाच राहिला असता तर मी शॉपमध्ये कधी गेलोच नसतो, आणि शॉपमध्ये न जाणारा फिक्श्चर डिझायनर दोन वर्षांत निरुपयोगी होतो. प्रमुखांनी माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि एकेका कामावर मत मागितलं. शिडी आणि उंचावरचं काम वगळून बाकी सगळ्याला मंजुरी मिळाली. तरुणांना माझं सांगणं आहे, असा मोघम शेरा कधी स्वीकारू नका. कामाचं नाव लिहून मागा.

दुसरा अडथळा बुटाचा. शॉपमध्ये स्टीलच्या टोपीचे सेफ्टी शूज सक्तीचे आणि ते बरोबरच आहे. पण माझं कॅलिपर बुटाच्या टाचेत अडकवलेलं असतं, शिवाय डावा पाय आखूड असल्यानं तळ उंच केलेला. कॅलिपर बनवणाऱ्या तंत्रज्ञांकडे सेफ्टी शू घेऊन गेलो आणि त्याच्याच टाचेत पट्ट्या बसवून घेतल्या. तो इतका जड झाला की दुपारनंतर पाय ओढत चालावं लागायचं. पुढे स्टीलऐवजी कंपोझिटची टोपी असलेला हलका बूट मिळाला. कमजोर पायाच्या टोकाला लावलेला प्रत्येक ग्रॅम मांडीला जाणवतो, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही.

तिसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलतो. संडास. शॉपमध्ये सगळे भारतीय पद्धतीचे. कॅलिपर घालून उकिडवं बसता येत नाही आणि काढून बसलं तर उठता येत नाही. कमोड फक्त ऑफिसच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. मी सकाळपासून पाणी पिणं कमी केलं, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याचा व्हायचा तो परिणाम झाला, मूतखडा निघाला. त्यानंतर मी लेखी अर्ज दिला आणि शॉपच्या कोपऱ्यात एक कमोड आणि भिंतीला पकडायला दांडा बसला. खर्च एका साध्या फिक्श्चरपेक्षा कमी होता. गुडघेदुखीचे जुने ऑपरेटर तो पहिल्या आठवड्यापासून वापरू लागले. अपंग मुलींना मी जास्तच आग्रहानं सांगतो, ऑफर हातात आली की पगाराच्या आधी हे विचारा. लाजू नका.

जमिनीवर सांडलेलं कूलंट आणि तेल हा रोजचा धोका होता. पण खरी भीती वाटली ती कॅलिपरचीच. गुडघ्याची रिंग वापरून वापरून सैल झाली आणि एकदा जिना उतरताना वर सरकली. कठडा धरला म्हणून वाचलो. टूल रूममधल्या मित्रांबरोबर आम्ही ती मोजली, कुठे झिजली ते पाहिलं, आणि नवी रिंग नेमक्या मापात बनवली. फिक्श्चरमध्ये वापरतो तो स्प्रिंगचा बॉल प्लंजर पट्टीत बसवला. रिंग खाली बसली की बॉल तिच्या वर येतो आणि चालण्याच्या हादऱ्यानं ती सरकत नाही. बसवण्याआधी कॅलिपरच्या तंत्रज्ञांना दाखवून घेतली. ते म्हणाले, "अजून दोन करून द्या."

येण्याजाण्यासाठी गिअर नसलेली स्कूटर घेतली आणि तिला बाजूची चाकं लावली. पेठ रोडच्या आरटीओत बदलाची नोंद आरसी बुकात आणि लायसन्सवर करून घेतली. हे टाळू नका, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो.

२०१६च्या कायद्यातलं एक कलम खासगी कंपनीत जाणाऱ्यांना उपयोगी पडतं. कलम २१नुसार प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात अपंगांसाठी कोणती पदं योग्य, कोणत्या सोयी, कोणती साधनं हे लिहावं लागतं. चार टक्के आरक्षण सरकारी नोकरीपुरतं आहे, पण धोरण सगळ्यांना आहे. मुलाखतीला जाण्याआधी ते मागावं. बऱ्याच छोट्या कारखान्यांनी ते केलेलं नसतं. मागितल्यावर करतात, असा माझ्या ओळखीतल्या काही मुलांचा अनुभव आहे.

आता अलीकडचं. पोलिओ होऊन गेल्यावर साधारण पंधरा ते चाळीस वर्षांनी काही जणांना पुन्हा अशक्तपणा येतो. आयुष्यभर जास्तीचा भार वाहिलेले स्नायू थकतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. माझं ते पस्तिशीनंतर सुरू झालं. चांगला म्हणवणारा उजवा पाय संध्याकाळी थरथरायला लागला. आधी मला वाटलं वजन वाढलंय, मग वाटलं व्यायाम कमी पडतोय, पण डॉक्टरांनी उलट सांगितलं, दमेपर्यंत व्यायाम करू नका, ताकद वाचवून वापरा. अंगमेहनतीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पचवणं फार जड जातं.

मग मी तो कागद पुन्हा काढला. चालणं आणि उभं राहणं या रकान्यांत तेव्हा जे लिहिलं होतं ते आता खरं राहिलेलं नाही. नवा कागद केला आणि साहेबांबरोबर बसून एकेक ओळ ठरवली. ट्रायलच्या वेळी मशीनपाशी उंच स्टूल. शॉपच्या लांबच्या टोकाला जायला व्हीलचेअर, आणि त्यासाठी मधली वाट ट्रॉली आणि पेट्यांपासून मोकळी. सकाळी शॉप, दुपारनंतर डिझाइन. नव्या मुलांना फिक्श्चर शिकवण्याचं काम मी मागून घेतलं, त्यात मला मनापासून रस आहे.

एक गोष्ट राहिली आहे. शॉपचं जोतं ४५ सेंटिमीटर उंच आहे आणि आत जायला पायऱ्याच आहेत. रॅम्पला एकास बारा उतार (उंचीच्या बारापट लांबी) लागतो, म्हणजे ५.४ मीटर लांबी. कंत्राटदारानं जागा वाचवायला तीन मीटरचा सुचवला होता. तेवढ्या चढावर व्हीलचेअर एकट्याला ढकलता येत नाही आणि पावसात ती मागे घसरते. मी भिंतीच्या कडेनं वळवून, दोन्ही बाजूंना कठडे घेऊन पूर्ण लांबीचं ड्रॉइंग काढून मेंटेनन्सकडे दिलंय. पावसाळ्याआधी काँक्रीट पडायला हवं, म्हणून या आठवड्यात पुन्हा पाठपुरावा करणार आहे.